समुद्राकडे दुसऱ्यांदा

शेतातून नुकत्याच घरी आलेल्या, अजून चुलीपुढे बसलेल्या आणि मोबाइलवर रेडिओ लावून निंदण करणाऱ्या, अशा सगळ्याजणींना माझा नमस्कार.

दर वेळी मी तुमच्याशी पंचसूत्रीवर बोलते. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि वह्या. आज यातलं एकही नाही. आज मला सुट्टीवर बोलायचं आहे. सुट्टी म्हणजे पोरांच्या शाळेची नाही, आपली.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या गटातल्या अकरा जणी सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ देवबागला गेलो होतो. चार रात्री राहिलो. एक अख्खं घर भाड्यानं घेतलं होतं. आणि ही आमची दुसरी वेळ. त्याच्या सहा वर्षं आधी, २०१९ मध्ये, आम्ही तिथं एकदा जाऊन आलो होतो.

पहिल्या वेळी गावात कोणी तोंडातून शब्द काढला नाही, कारण त्याला 'अभ्यास दौरा' असं नाव होतं. बसला पुढे बॅनर होता. काजू प्रक्रिया पाहिली, कोकम सरबताचा कारखाना पाहिला, दोन गटांच्या बैठकी झाल्या, अहवाल लिहिला. त्या सगळ्याच्या मधे एक दुपार समुद्र. नदीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या एका बेटावर बोटवाल्यानं आम्हाला अर्धा तास सोडलं. तेवढ्या अर्ध्या तासात आमच्यातल्या बायांनी लुगडी वर खोचली, पाण्यात बसकण मारली, एकमेकींवर पाणी उडवलं. मग शिट्टी वाजली आणि आम्ही बसमध्ये. तो अर्धा तास आम्ही सहा वर्षं बोलत होतो. मासिक बैठकीत हिशेब जुळला नाही, कोणाचा आवाज चढला, की कोणीतरी म्हणायचं, "जाऊ द्या वो, त्या बेटावर जाऊन बसू."

दुसऱ्या वेळी बॅनर नव्हता. अहवाल लिहायचा नव्हता. आम्ही नुसत्या आराम करायला जात होतो. आणि इथंच खरी अडचण सुरू झाली.

आमच्या घरी सासूबाई म्हणाल्या, "एकडाव पाह्यला नं समुद्र? आता काय तो बदलला अशीन?" एकीच्या नवऱ्यानं विचारलं, "तुमाले तिकडं काम काय हाय?" एकीच्या जावेनं तर गावभर सांगितलं की बचत गटाचे पैसे उडवायला निघाल्या. बाईनं देवाला जावं, दवाखान्यात जावं, लग्नाला जावं, मयतीला जावं, प्रशिक्षणाला जावं. या प्रत्येक जाण्याला कारण आहे. कारणाशिवाय बाई घराबाहेर चार रात्री राहते, हे काही कोणाच्या पचनी पडत नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही निम्म्या जणींच्या पचनी पडत नव्हतं.

तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी बोलल्या. पासष्टीच्या आहेत, गळ्यात माळ आहे. त्या म्हणाल्या, "मी पंढरीले अठरा खेपा गेली. पहिल्या खेपेले इठोबा पाह्यला, मंग सतरा खेपा कायले गेली? कोणी इचारलं का मले?" बैठकीत एकदम शांतता. मग एक पोरगी म्हणाली, "आन् माहेरी? दरसाल दिवाळीले तेच घर, तीच माय."

मैत्रिणींनो, मला वाटतं सगळं उत्तर यात आहे. जिथं जीव निवतो तिथं माणूस परत जातो. नवीन काही बघायला नाही, तर आपण तिथं जशा होतो तशा परत व्हायला. पुरुषांची चावडी, पान टपरी, पारावरचा पत्त्यांचा डाव रोज तोच असतो. त्यांना कोणी विचारत नाही की कालच बसला होता ना, आज परत कशाला?

आता पैशाचं सांगते, कारण तुमच्या मनात पहिला प्रश्न तोच असणार. गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. बँकेच्या कर्जाला तर मुळीच नाही. फिरण्यासाठी अंतर्गत कर्जही द्यायचं नाही, हा ठराव आम्ही आधी लिहून घेतला. वेगळी वही आणि वेगळा डबा केला. फेब्रुवारी २०२३ पासून आठवड्याला पन्नास रुपये. ज्या आठवड्यात मजुरी लागली नाही त्या आठवड्याचे पुढं भरायची मुभा. दोन वर्षं, म्हणजे १०४ आठवडे. एकीचे ५,२०० झाले, अकरा जणींचे ५७,२००. शेवटी शेवटी काही जणींनी लाडक्या बहिणीच्या पैशातून मागची भर घातली. राहणं आणि दोन वेळचं जेवण, चहा, न्याहारी धरून त्या घराचे माणशी दिवसाचे आठशे ठरले, त्याचे ३५,२०० झाले. रेल्वेची ये-जा, एसटी आणि बोटी मिळून माणशी १,९०० लागले, ते २०,९००. एकूण ५६,१००. डब्यात अकराशे उरले, त्यांची आमसुलं आणली आणि गटात येऊ न शकलेल्या जणींना वाटली.

पन्नास रुपये म्हणजे खर्रा खाणाऱ्या माणसाचे एक-दोन दिवस. हे मी कोणाला टोमणा मारायला म्हणत नाही, मापासाठी सांगते.

जायचं कुठं यावरही बैठक झाली. मोबाइलवर सगळ्यांनी मालदीव पाहिलेलं. निळं पाणी, पाण्यात खांबांवर उभे लाकडी बंगले, पायऱ्या थेट समुद्रात. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले, तेव्हा मालदीव की लक्षद्वीप असा वादच फोनवर पेटला होता. आमच्या एकीनं विचारलं, "ताई, लक्षद्वीप आपल्याच देशात हाय नं, मंग तिथंच जाऊ." मी माहिती काढली. लक्षद्वीपची छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती. तिथं जायला परवाना लागतो, आणि जहाज किंवा विमान मुख्यतः केरळातल्या कोचीहून. आपल्या डब्यात ते बसत नव्हतं.

पण मालदीवचं वाचताना एक गोष्ट कळली, ती मी बैठकीत सांगितली. तिथं पहिलं रिसॉर्ट १९७२ साली सुरू झालं. पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांची बेटं वेगळी आणि गावाची बेटं वेगळी अशीच रीत होती. गावातल्या बाईला आपल्या घराची खोली पाहुण्याला देऊन चार पैसे मिळवायची सोय नव्हती. २००९-१० च्या सुमाराला नियम बदलले, मग वस्तीच्या बेटांवर साधी गेस्टहाऊस निघाली. म्हणजे बघा, समुद्र तोच, वाळू तीच, पण पाहुणा कोणाच्या घरात निजतो यावर पैसा कोणाच्या पदरात पडतो ते ठरतं. तेव्हा आमचं ठरलं. जाऊ ते घर बाईचं असेल आणि पैसे बाईच्या हातात जातील.

नागपूर-मडगाव अशी एक विशेष गाडी तेव्हा धावत होती, ती धामणगावला थांबायची. संध्याकाळी धामणगावला बसलो, रात्रभर झोपलो, सकाळी पनवेल, मग बोगदे. आमच्यातल्या काहींनी रेल्वे म्हणजे फक्त यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला पाहिलेली, ती तर चालत्या गाडीतून उतरून परत चढता यायची. इथं बोगदा आला की डब्यात सगळ्या मिळून ओरडायच्या. दुपारी कुडाळला उतरलो. तिथून मालवण एसटीनं. एसटीत आपल्याला १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ते महाराष्ट्रात कुठंही चालतं, फक्त आपल्या तालुक्याच्या बाजारापुरतं नाही. हे आठवण ठेवा.

देवबाग कसं आहे सांगते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मधे माडांची एक चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी तर या पाण्याकडं पाठ करून चार मिनिटं चाललं की ते पाणी येतं. त्या पट्टीवर आमचं घर. चार खोल्या, पुढं पडवी, मागं माड आणि विहीर. बंगला म्हणा, नाहीतर घर म्हणा. चार दिवस ते आमचं होतं.

निघायच्या आधी आम्ही एकच नियम केला होता. तिथं कोणीही स्वयंपाक करायचा नाही. पहिल्या खेपेला आम्ही गॅस, पीठ, तिखट, सगळं बांधून नेलं होतं. समुद्रावर जाऊन भाकरी थापल्या होत्या. या वेळी रिकाम्या हातानं जायचं.

आता ऐका काय झालं. पहिल्या पहाटे पाचला मला झाडूचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर आमच्या दोघी अंगण झाडत होत्या. तिसरी विहिरीवर पाणी शेंदत होती. चौथीनं सगळ्यांच्या चादरी घड्या करून ठेवलेल्या. घरमालकीण चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. म्हणाली, "अगो बायांनो, तुमी पावण्या मां? ह्या काय चाललाहा?" आमची एक बाई ओशाळून म्हणाली, "बसवत नाही वो बाई. हात शिवशिवते."

पहिला दिवस असाच गेला. जेवल्यावर ताटं उचलायला सगळ्या उठायच्या. दुपारी पडल्या तरी डोळे उघडे. सारखा घरी फोन. म्हशीचं काय, पोराचा डबा झाला का, सरकी घातली का. दुसऱ्या दिवशी फोन कमी झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत घरात चिडीचूप. मावशी साडेसातला उठल्या आणि घाबरल्या. त्यांना वाटलं तब्येत बिघडली. म्हणाल्या, "मी लग्नापासून एवढी झोपली नाही."

म्हणून मी म्हणते, एक दिवसाची सहल म्हणजे आराम नव्हे. तो तर दुप्पट कामाचा दिवस. आदल्या रात्री डबे, दुसऱ्या रात्री धुणं. शरीराला आणि मनाला काम सोडायला दोन दिवस लागतात, आराम तिसऱ्या दिवशी सुरू होतो. आरामालाही सराव लागतो आणि तो सराव आपल्याला कोणी दिलेला नाही.

जेवणाचं विचाराल तर माळकरी दोघींसाठी घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी. बाकीच्यांसाठी बांगडा. आम्ही तिखट खाणारी माणसं, पण त्या जेवणात सगळीकडं ओलं खोबरं. पहिल्या दिवशी एकीनं पिशवीतून हळूच ठेचा काढला. तो घरमालकिणीनं चाखला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग मात्र रोज मागायला लागली.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. मालवणच्या धक्क्यावरून बोटीनं जायचं. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात त्याचं काम सुरू केलं आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. आत सुमारे ४८ एकर जागा आहे. तटबंदी जवळपास तीन किलोमीटर. आत महाराजांचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलं. पण आमच्या बाया थांबल्या त्या विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूकडं खारं पाणी आणि मधे या तीन विहिरींना गोड पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावच्या बाया आम्ही. पाऊण तास त्या विहिरीच्या काठावरच बसलो. पावसाचं गोड पाणी बेटाच्या पोटात मुरतं आणि खोदणाऱ्यांनी ते नेमकं धरलं. आपल्याकडं शेततळ्याची जागा ठरवताना एवढा विचार करतो का, यावर तिथं चर्चा झाली. बघा, अभ्यास काही सुटत नाही.

आणि तिसऱ्या दिवशी आमचं बेट. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं ते वाळूचं बेट आहे. लोक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो, ओहोटीला वर येतो. बोटवाल्याला आम्ही म्हटलं, मागच्या वेळी सोडलं होतं तिथंच सोड. तो हसला. म्हणाला, ती जागा आता नाही. दर पावसाळ्यात नदी आणि समुद्र मिळून वाळू हलवतात, बेटाचा आकारच बदलतो. सहा वर्षं जे बेट आम्ही मनात धरलं होतं, ते तसं उरलंच नव्हतं. थोडा वेळ सगळ्यांना चुकल्यासारखं झालं. मग मावशी म्हणाल्या, "आपन तरी कुठं त्याच राह्यलो?"

खरंच आहे. मधे कोरोना गेला. एकीचा मुलगा नोकरीला लागला, एकीच्या मुलीचं लग्न मोडलं. आणि आमच्यातल्या एका तरण्या बाईचा नवरा गेला. आपल्या जिल्ह्यात शेतकरी कसा जातो ते मी तुम्हाला सांगायला नको. चार वर्षं झाली. या चार वर्षांत ती तहसील, बँक आणि दवाखाना सोडून कुठं गेली नव्हती. यायला तयार नव्हती. लोक काय म्हणतील, एवढंच तिचं पालुपद. तिच्या सासूनंच शेवटी पिशवी भरून दिली, हे मी मुद्दाम सांगते, कारण सासवांचं वाईटच सांगितलं जातं.

त्या बेटावर ती गुडघाभर पाण्यात एकटी उभी होती. कितीतरी वेळ. मी जवळ गेले. रडते आहे असं मला वाटलं. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, इथं मले कोणी वळखत नाही. किती बरं वाटते."

मैत्रिणींनो, गावात ती बाहेर पडली की लोकांच्या डोळ्यांत आधी तिचा नवरा दिसतो, मग ती. मदत करणारेही तसेच पाहतात, मी सुद्धा तिची फाइल घेऊन फिरलेली आहे. त्या पाण्यात ती फक्त एक बाई होती, पदर भिजलेली. परतल्यावर तिचं कर्ज फिटलं नाही, पोराची फी भरली गेली नाही. सुट्टीनं तसलं काही होत नाही. पण आता ती बैठकीत बोलते. मागच्या महिन्यात तिनं पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या कर्ज मागणीवर प्रश्न विचारला.

आता घरमालकिणीचं. पहिल्या वेळी आम्ही तिचं घर फक्त बाहेरून पाहिलं होतं, या वेळी चार रात्री बोलणं झालं. तीही बचत गटातली. न्याहारी आणि निवासाच्या धंद्यासाठी कर्ज काढून दोन खोल्या वाढवलेल्या. मग २०२० चं टाळं, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ. त्या वादळानं मालवणच्या किनाऱ्यावर माड पाडले, छपरं उडवली, दिवसेंदिवस वीज नव्हती. तिचं छप्पर गेलं, हप्ता मात्र राहिला. ऐकताना आमच्या बाया एकमेकींकडं पाहत होत्या. बोंडअळी आली की आपल्याकडं असंच होतं. पीक जातं, हप्ता राहतो. पावसाळ्यात समुद्र तिथला किनारा खातो, दगडांचे बंधारे घातले आहेत, तरी दरवर्षी धाकधूक. माड पिकवणारी माणसं आणि कापूस पिकवणारी माणसं, दोघांचीही नजर आभाळाकडं.

निघताना हिशेब करताना आमची एक जण सवयीनं म्हणाली, "काही कमी करा नं वो बाई, एवढ्या जणी आलो." त्यावर आमच्याच दुसरीनं तिचा हात धरला. म्हणाली, "कापूस घेनारा आपल्याले असंच म्हनते, एवढा माल घेतो, कमी करा." पुढं कोणी काही बोललं नाही. ठरलेले पैसे ठरल्याप्रमाणे दिले. घासाघीस करायची तर आधी फोनवर करा. जेवून झाल्यावर, पंगत उठल्यावर, बाईच्या दारात उभं राहून करू नका. तिची मेहनत आपल्याला दिसली असते, आणि ती मेहनत कशी असते हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?

तिच्याकडूनच कळलेली आणखी एक गोष्ट. शेजारच्या वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गट आहे. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बाया. २०१७ पासून त्या पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी त्याच वल्हवतात, झाडांची, पक्ष्यांची माहिती त्याच देतात. ज्या चिखलाकडं कोणी बघत नव्हतं, तो चिखल दाखवून त्या कमावतात आणि त्याच पैशामुळं ते जंगल टिकतं.

आम्ही यावर परतीच्या गाडीत फार बोललो. आपल्याकडं काय आहे? आपल्याकडं टिपेश्वर आहे. पांढरकवड्याजवळचं अभयारण्य, वाघासाठी लांबून लोक येतात. ते राहतात कुठं? जेवण कोणाच्या हातचं जेवतात? २०२३ मध्ये राज्य सरकारनं महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. बाईच्या मालकीचा पर्यटनाचा धंदा असेल, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये, जे आधी होईल तिथपर्यंत. हप्ता मात्र वेळेवर भरलेला पाहिजे. त्याच धोरणात पर्यटन महामंडळाच्या रिसॉर्टमध्ये महिलांना १ ते ८ मार्च आणि वर्षातले आणखी काही ठरावीक दिवस ५० टक्के सवलत आहे. म्हणजे पाहुणी व्हायलाही आधार आहे आणि यजमान व्हायलाही. अर्जाच्या अटी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात विचारा, कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नका.

तुमच्या गटाला जायचं असेल तर थोडक्यात सांगते. डबा वेगळा, वही वेगळी. वेचणी आटोपली की फेब्रुवारी किंवा मार्चची सुरुवात बरी, उन्हाळा तापायच्या आत. पावसाळ्यात तिकडं किल्ल्याच्या बोटी बंद असतात. विशेष गाड्यांच्या वेळा बदलतात, तिकीट काढायच्या आधी स्टेशनवर चौकशी करा. घर बाईचं बघा, तिच्याशीच बोला. समुद्रात जायची वेळ तिथल्या माणसाला विचारून ठरवा. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. बोटीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका, फोटो बिघडला तरी चालेल. आणि तीन रात्रींपेक्षा कमीसाठी जाऊ नका, का ते मी वर सांगितलं.

शेवटच्या रात्री आम्ही पडवीत बसलो होतो. घरमालकिणीला कोणीतरी विचारलं, तुम्ही कुठं फिरायला जाता? ती म्हणाली, "आमका खंय येळ गावता? धा वर्सां मी पावण्यांची अंथरुणां घालतंय. दुसऱ्यान घातलेल्या अंथरुणार मी कधी निजाक नाय." आमच्यातल्या एकीलाही काही बोलता येईना. मावशी मात्र लगेच म्हणाल्या, "मंग तुमी या आमच्याकडं."

त्यांची मोकळीक आषाढात. तेव्हा पाहुणे नाहीत, मासेमारीही बंद. आणि आषाढात आपल्याकडं डवरणी, निंदण, कोणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. टिपेश्वरचं दारही तेव्हा बंद. पण ठरलं आहे. त्यांच्या गटातल्या सात जणी जुलैत येणार आहेत. वाघ दिसणार नाही, समुद्र तर नाहीच. हिरवं शेत दिसेल, पातोडीची भाजी मिळेल, ठेचा मिळेल. कामं वाटून घेतली आहेत, आळीपाळीनं दोघी घरी राहतील. आणि ठराव लिहून घेतला आहे, की त्या बायांना झाडूला हात लावू द्यायचा नाही, पहाटे पाचला उठल्या तर परत निजवायचं. अंथरुणं कोण घालणार, यावर मात्र बैठकीत भांडण झालं. अकराही जणींना घालायची आहेत.

पुढच्या वेळी परत पंचसूत्रीवर बोलू. नमस्कार.